कुणाला काय ठाऊक : प्रस्तावना

१

भीष्मपर्वातली युद्धाची हकीगत पहिल्या दिवसापासून सुरू होत नाही. संजय रणांगणावरून हस्तिनापुरात येतो आणि धृतराष्ट्राला आल्या आल्या सांगतो की भीष्म पडले. दहा दिवसांचं युद्ध तोवर होऊन गेलेलं आहे आणि पितामह शरशय्येवर आहेत. धृतराष्ट्र विलाप करतो, असा योद्धा पडलाच कसा म्हणून पुन्हा पुन्हा विचारतो. सगळ्यांत मोठी बातमी अशी देऊन झाल्यावर संजय मागे जातो आणि सैन्यं समोरासमोर उभी राहिली तिथपासून सांगू लागतो. भगवद्गीता येते ती या मागे जाऊन सांगितलेल्या भागात. अर्जुन धनुष्य खाली टाकून बसतो तेव्हा ऐकणाऱ्याला ठाऊक असतं की तो ते पुन्हा उचलणार आहे. विश्वरूपाच्या मुखात भीष्म-द्रोण शिरताना अर्जुनाला दिसतात, ते त्याच्या दृष्टीने अजून घडायचं आहे. धृतराष्ट्राच्या दृष्टीने त्यातलं भीष्मांपुरतं घडून गेलेलं आहे. एकाच वाक्यात एकाचं भविष्य आणि दुसऱ्याचा भूतकाळ एकत्र येतात.

द्रोण, कर्ण, शल्य या पुढच्या पर्वांतही हाच क्रम आहे. आधी सेनापतीच्या मृत्यूची बातमी, मग त्या मृत्यूपर्यंतची वाट. हा क्रम नकळत पडलेला नाही. जी कथा पिढ्यान्‌पिढ्या ऐकवली जाणार होती, तिचा भार 'पुढे काय होणार' या एका प्रश्नावर टाकून चालणार नव्हतं. तो प्रश्न महाभारताने आपण होऊन बाजूला ठेवला आणि त्याच्या जागी दोन मोठे प्रश्न आणले. हे असं का झालं? आणि ज्याचं यात सर्वस्व गेलं, त्याला हे ऐकताना काय होत असेल?

म्हणून ही कथा कुणाला सांगितली जाते याला इतकं महत्त्व. संजय सांगतो हरणाऱ्यांच्या बापाला. वैशंपायन सांगतो जनमेजयाला, सर्पसत्राच्या मंडपात. तो तर अर्जुनाचा पणतू, तो ऐकायला बसला आहे हाच युद्धाच्या निकालाचा पुरावा. उग्रश्रवा सौती सांगतो नैमिषारण्यातल्या शौनकादी ऋषींना, ज्यांचं या घराण्याशी रक्ताचं नातं नाही. कथा तीच राहते, पण तीन श्रोत्यांवर तिचं वजन तीन तऱ्हांनी पडतं. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेवर भाष्य केलं तेव्हा त्यांनाही ही जागा दिसली होती. कृष्णार्जुनांचा संवाद सांगताना त्यांचा संजय अष्टसात्त्विक भावांनी भरून येतो आणि समोर बसलेला धृतराष्ट्र कोरडाच राहतो. शब्द दोघांच्या कानांवर एकच पडत असतात.

या पुस्तकाचा विषय तिथे आहे. कथा सांगणारा प्रत्येक माणूस घटना रचतो त्याआधी किंवा त्याबरोबरच आणखी एक काम करत असतो. कोणती गोष्ट कुणाला, किती आणि केव्हा कळावी हे तो ठरवतो. पात्रांना काय ठाऊक, निवेदकाला काय ठाऊक, वाचकाला काय ठाऊक, या तीन खात्यांचा हिशेब प्रत्येक पानागणिक बदलत राहतो. करुणा, भय, हसू, चीड हे सारं या हिशेबातून निघतं. मराठीत कथानक, व्यक्तिरेखा, वातावरण, भाषा यांवर पुष्कळ आणि चांगलं लेखन झालं आहे. निवेदनाच्या बाबतीत मात्र 'ही कथा प्रथमपुरुषी आहे' किंवा 'तृतीयपुरुषी आहे' एवढी नोंद करून आपण बहुतेक वेळा पुढे जातो. 'मी' म्हणणारा माणूस सांगायला बसला त्या क्षणी त्याला कथेचा शेवट ठाऊक होता का, हा प्रश्न त्या नोंदीत सुटून जातो. माझ्या मते खरी चर्चा त्या प्रश्नापासून सुरू व्हायला हवी.

२

आपल्या रंगभूमीवरची तीन नाटकं शेजारी शेजारी ठेवली की हे चटकन दिसतं. तिन्हींमध्ये प्रेक्षकाला पात्रांपेक्षा जास्त ठाऊक आहे. तरी पहिलं नाटक डोळ्यांत पाणी आणतं, दुसरं हसवतं आणि तिसरं संताप आणतं. असं का व्हावं?

पहिलं 'शाकुंतल'. महाभारताच्या आदिपर्वात दुष्यंताला शकुंतला पुरती आठवत असते. लोक संशय घेतील म्हणून तो सभेत तिला नाकारतो आणि आकाशवाणी झाल्यावर स्वीकारतो. कालिदासाने या कथेत दुर्वासांचा शाप घातला. चौथ्या अंकाच्या आरंभी हा शाप पडद्यामागून ऐकू येतो. शकुंतला पतीच्या विचारात इतकी बुडालेली आहे की तिला तो ऐकू येत नाही. ऐकतात फक्त अनसूया आणि प्रियंवदा. त्या धाव घेऊन उःशाप मिळवतात आणि मैत्रिणीचं कोवळं मन जपायचं म्हणून तिला काहीच सांगत नाहीत. निरोप देताना एवढंच म्हणतात की राजाने ओळखायला वेळ लावला तर अंगठी दाखव.

आता पाचव्या अंकातली राजसभा डोळ्यांसमोर आणावी. रंगमंचावर दुष्यंत आहे, शकुंतला आहे, गौतमी, शार्ङ्गरव, शारद्वत, राजपुरोहित आहेत. यांतल्या एकालाही शाप ठाऊक नाही. ज्या दोघींना ठाऊक आहे त्या मागे आश्रमात राहिल्या. शकुंतलेला वाटतं राजा कपटी आहे. राजाला वाटतं ही परकी स्त्री आपल्या नावाला बट्टा लावायला आली आहे. शार्ङ्गरव रागावतो आणि तिलाही दोष देतो. प्रत्येक जण आपल्या जागी खरा आहे. सत्य एकट्या प्रेक्षकापाशी आहे आणि प्रेक्षकाला बोलता येत नाही. कालिदासाने आपल्याला शाप सांगितला नसता तर या प्रसंगात आपण दुष्यंतावर चिडलो असतो, एवढंच. सांगितल्यामुळे आपल्याला चिडायलाही जागा उरत नाही, आणि म्हणून दुःख इतकं खोल जातं.

दुसरं 'सौभद्र'. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणलं आणि पाठोपाठ १८८२ साली 'संगीत सौभद्र'. इथेही प्रेमिकांची ताटातूट आहे. बलरामाने सुभद्रा दुर्योधनाला द्यायचं ठरवलं आहे, अर्जुन व्याकूळ आहे, सुभद्रा व्याकूळ आहे. दोघांचं दुःख खोटं नाही. तरी प्रेक्षक निवांत आहे, कारण सगळी सूत्रं हलवणारा कृष्ण रंगमंचावर वावरतो आहे आणि त्याचा डाव प्रेक्षकाला उमगलेला आहे. अर्जुन यतिवेष घेऊन येतो आणि बलराम भक्तिभावाने त्याचं आदरातिथ्य करतो, तेव्हा आपण हसतो ते या निश्चिंतीच्या बळावर.

तिसरं आचार्य अत्र्यांचं १९६२ सालचं 'तो मी नव्हेच'. आरोपीच्या पिंजऱ्यात निपाणीचा लखोबा लोखंडे उभा आहे. फिरत्या रंगमंचावर एकेक साक्ष आपल्यासमोर घडत जाते. कुठे तो दिवाकर दातार असतो, कुठे कॅप्टन अशोक परांजपे, कुठे राधेश्याम महाराज. प्रभाकर पणशीकर या सगळ्या भूमिका एकट्याने करत. प्रेक्षकाने प्रत्येक फसवणूक डोळ्यांनी पाहिली आहे आणि कोर्टात हा माणूस शांतपणे प्रत्येक गोष्ट नाकारतो आहे. खटल्याचं सत्य पुरतं ठाऊक आहे ते दोघांनाच, आपल्याला आणि त्या भामट्याला. फसलेल्या स्त्रिया न्यायासाठी झगडतात आणि आपण त्या भामट्याच्या ज्ञानात भागीदार होऊन बसलेले असतो. मनात संताप दाटतो आणि त्याच्या बुद्धीचं कौतुकही वाटत राहतं, आणि हे कौतुक आपल्यालाच बोचतं.

या तीन नाटकांवरून एक नियम मांडता येतो आणि पुस्तकभर मी त्याचा आधार घेतला आहे. प्रेक्षकाला पात्रांपेक्षा जास्त ठाऊक आहे, एवढ्याने भाव ठरत नाही. ते ज्ञान रंगमंचावर आणखी कुणापाशी आहे, यावर तो ठरतो. कुणापाशीच नसेल तर करुण. हितचिंतकापाशी असेल तर हास्य. लबाडापाशी असेल तर चीड. चित्रपट-दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकने दिग्दर्शक ट्रुफोशी केलेल्या आणि १९६६ साली पुस्तकरूपाने आलेल्या संवादात टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण दिलं आहे. बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधी सांगितलं तर माणसांच्या साध्या गप्पाही जीवघेण्या वाटू लागतात, न सांगता तो फुटला तर क्षणभराचा धक्का बसतो. हे उदाहरण जगभर गाजलं आणि ते खरंही आहे. पण कालिदास, किर्लोस्कर आणि अत्रे यांच्याकडे पाहिलं की पुढची पायरी दिसते. बॉम्बची खबर टेबलाशी बसलेल्यांपैकी कुणाला आहे, हेही विचारायला हवं.

३

आपल्या नाट्यशास्त्राने या हिशेबाचा विचार फार बारकाईने केला होता. धनंजयाच्या 'दशरूपका'त संवादांची विभागणी ते कुणी ऐकायचे यावर केलेली आहे. सगळ्यांनी ऐकायचं ते प्रकाश, रंगमंचावरच्या कुणीच ऐकायचं नाही ते स्वगत, आणि ठरावीक पात्रांनीच ऐकायचं ते जनान्तिक किंवा अपवारित. प्रेक्षक मात्र या चारही प्रकारांत ऐकणारा आहे. बोलणं कुणासाठी आहे हे नट हाताच्या मुद्रेने दाखवी आणि प्रेक्षक ते मान्य करी. दोन अंकांच्या मधल्या काळात काय घडलं ते कळवायला विष्कंभक आणि प्रवेशक होते. शापाचा प्रसंग कालिदासाने अशाच विष्कंभकात ठेवला आहे.

या व्यवस्थेमागची दृष्टी मला आजही शिकण्यासारखी वाटते. प्रेक्षकाला माहिती द्यायची असेल तर ती उघडपणे, त्यासाठी केलेल्या जागेत द्यावी. पात्रांच्या तोंडी लपवून ती आणू नये. आजच्या कथांत आणि मालिकांत नवरा बायकोला सांगतो की तुला ठाऊकच आहे, माझे वडील मी लहान असताना गेले. तिला ठाऊक आहे, मग तो हे सांगतो कुणाला? आपल्याला. या एका वाक्याने दोघांमधलं नातं खोटं पडतं. लोकनाट्यालाही ही गरज ओळखता आली होती. तमाशातला सोंगाड्या वगाच्या ऐन मध्यात प्रेक्षकांकडे वळून बोलतो, कीर्तनकार आख्यान थांबवून श्रोत्यांना आजचा दाखला देतो आणि पुन्हा कथेत शिरतो. सतीश आळेकरांनी १९७४ च्या 'महानिर्वाण'मध्ये कीर्तनाचीच ही मोकळीक घेतली आणि निवेदन मेलेल्या भाऊरावांच्या हाती दिलं. जिवंत माणसं जे एकमेकांपासून झाकतात ते या मृताला दिसतं, आणि त्याच्या डोळ्यांनी आपल्यालाही.

४

गद्यकथेत रंगमंच नसतो. तिथे ज्ञान वाटण्याचं सारं काम निवेदक करतो. म्हणून निवेदक निवडणं हा लेखकाचा पहिला मोठा निर्णय.

त्याची सगळ्यांत साधी रीत म्हणजे निवेदकाने वाचकाच्या बरोबरीने चालणं. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) शाळेचा तरुण मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वस्तीवर पहिल्यांदा येतो. त्या माणसांच्या रीती त्याला ठाऊक नाहीत, आपल्यालाही नाहीत. कारभाऱ्याचा विश्वास त्याला मिळवावा लागतो, आपणही त्याच्याबरोबर तो मिळवतो. पुढे दुष्काळात वस्ती ओस पडते तेव्हा आपल्याला जे वाटतं ते एखाद्या गावाबद्दल वाचून वाटणाऱ्या हळहळीच्या पलीकडचं असतं, कारण तोवर आपण तिथे राहिलेलो असतो. हीच कादंबरी गावातच जन्मलेल्या माणसाने सांगितली असती तर पुष्कळ गोष्टी त्याला सांगण्याजोग्या वाटल्याच नसत्या.

दुसरी रीत रहस्यकथेची. तिथे वाचकाला मुद्दाम मागे ठेवलेलं असतं. कॉनन डॉयलने १८८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या होम्सच्या पहिल्या कादंबरीत निवेदन वॉटसनकडे दिलं. होम्सला जे दिसतं ते बहुतेक वॉटसनलाही दिसतं, त्याचा अर्थ मात्र त्याला लागत नाही. त्यामुळे वाचकापासून फारसं काही चोरलं गेलेलं नसतं. मराठीत बाबूराव अर्नाळकरांनी झुंजार आणि काळा पहाड यांच्या कथांनी लाखोंना वाचनाची गोडी लावली, त्या यशाकडे नाक मुरडून पाहणं चुकीचं आहे. वाचकाची उत्सुकता धरून ठेवणं ही कसबाची गोष्ट आहे. तिचा एकच नियम आहे, आणि तो म्हणजे प्रामाणिकपणा. उत्तर कळल्यावर वाचकाने मागे जाऊन पाहिलं तर खुणा तिथे दिसायला हव्यात.

तिसरी आणि मला सगळ्यांत समृद्ध वाटणारी रीत म्हणजे मागे वळून सांगणारा 'मी'. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः येऊ लागली. यमू आपली हकीगत स्वतः सांगते. सांगू लागते तेव्हा तिला लग्न, सासर, मुंबईतला सुखाचा काळ, वैधव्य, हे सगळं ठाऊक आहे. पण लहानपणचे प्रसंग ती लहान मुलीच्या समजेने सांगते. मोठ्या यमूचं दुःख त्या पानांवर अधूनमधून सावलीसारखं पडतं आणि निघून जातं. त्या काळच्या वाचकालाही अशा मुलीचं पुढे काय होतं हे आपल्या घरातून, शेजारातून ठाऊक होतं. त्यामुळे तिच्या बालपणातल्या आनंदाच्या पानांवरही त्याचा जीव थाऱ्यावर राहत नसणार. सुधारणेवरच्या शंभर व्याख्यानांनी साधलं नसतं ते या दुहेरी ज्ञानाने साधलं.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त हीच शक्ती खऱ्या आयुष्याच्या संदर्भात दिसते. ना. वा. टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे लक्ष्मीबाईंनीही तो स्वीकारला. लिहायला बसल्या तेव्हा त्या स्वतः ख्रिस्ती होत्या आणि पतीचा निर्णय त्यांना समजलेला होता. तरी त्या बातमीने कोसळलेल्या तरुण बाईचं दुःख त्या पातळ करत नाहीत. नंतर आलेलं शहाणपण त्या आधीच्या वेदनेवर पसरवत नाहीत. आत्मकथनात ही फार अवघड गोष्ट आहे.

भालचंद्र नेमाड्यांच्या 'कोसला'त (१९६३) पंचविशीतला पांडुरंग सांगवीकर आपल्याबद्दल सांगतो, आणि सांगताना बेफिकिरीचा सूर धरून ठेवतो. धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूपाशी तो सूर तुटतो आणि आपल्याला कळतं की ही बेफिकिरी कशावर पांघरलेली होती. निवेदकाला स्वतःबद्दल जे सांगता येत नाही ते वाचकाला कळतं. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) सांगणारा दगडू मारुती पवार आहे आणि ऐकणारा दया पवार. माणूस एकच. गावकुसाबाहेर वाढलेला दगडू आणि पुढे शहरात पांढरपेशा झालेला दया यांच्यामधलं अंतर या मांडणीतूनच उभं राहतं. शिकलेला मराठी वाचक आपोआप ऐकणाऱ्या दयाच्या शेजारी जाऊन बसतो, आणि आपण कुठल्या बाजूला बसलो आहोत हे त्याला जाणवल्याशिवाय राहत नाही.

५

एकाच कथेला अनेक निवेदक दिले की ज्ञानाचा हिशेब आणखी गुंतागुंतीचा होतो. वि. स. खांडेकरांनी 'ययाति'त (१९५९) ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा यांना आळीपाळीने बोलू दिलं. प्रत्येकाची बाजू ऐकताना आपण त्याच्या पक्षाचे होतो आणि पान उलटल्यावर पक्ष बदलतो. देवयानीला जे उशिरा कळतं ते आपण शर्मिष्ठेकडून आधीच ऐकलेलं असतं. शेवटी सगळ्यांचं सगळं ठाऊक असणारा एकटा वाचक उरतो आणि न्याय करणं त्याला जड जातं. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'ने (१९६७) याहून मोठा पट घेतला. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण हे सारे तिथे बोलतात. कर्ण कुंतीचा मुलगा आहे हे मराठी घरातल्या पोरालाही ठाऊक असतं. कर्णाला ते फार उशिरापर्यंत ठाऊक नाही. सूतपुत्र म्हणून त्याचा अपमान होतो त्या प्रत्येक ठिकाणी वाचकाच्या ओठांवर एक उत्तर असतं आणि ते त्याला देता येत नाही. ही वेदना सावंतांना निर्माण करावी लागली नाही. ती वाचकाबरोबरच पुस्तकात आली. तिला जागा करून देणं, कर्णाला 'मी' म्हणून बोलू देणं, हे त्यांचं कौशल्य. आणि कर्णाच्या अंताशी निवेदन कृष्णाकडे जातं, ज्याला पहिल्यापासून सगळं ठाऊक होतं.

अकिरा कुरोसावाच्या 'राशोमोन'ने (१९५०) याच्या उलट वाट धरली. एका मृत्यूची चार कथनं आपण ऐकतो आणि शेवटी आपल्याला कमी ठाऊक आहे की जास्त, हे सांगता येत नाही. खांडेकरांच्या कादंबरीत निवेदक वाढले की सत्य भरत जातं, कुरोसावाच्या चित्रपटात निवेदक वाढले की ते निसटत जातं. लेखकाने अनेक निवेदक घेण्याआधी स्वतःला विचारावं की आपल्याला यांपैकी काय हवं आहे.

ऐतिहासिक कादंबरीत तर वाचक सगळं ठाऊक असूनच येतो. १४ जानेवारी १७६१ ला काय झालं हे माहीत असलेला माणूस विश्वास पाटलांचं 'पानिपत' (१९८८) हाती घेतो. रणजित देसाईंच्या 'स्वामी'तला (१९६२) माधवराव तरुणपणीच जाणार हेही त्याला माहीत असतं. तरी ही पुस्तकं पिढ्या वाचत आल्या. शेवट कळला की कथेतला रस जातो ही समजूत आज फार पसरली आहे. मित्राने चित्रपटाचा शेवट सांगितला तर आपण रागावतो. धक्का हेच ज्या कथेचं भांडवल आहे तिच्या बाबतीत तो राग रास्त आहे. पण जी कथा शेवट कळल्यावर पुन्हा वाचवत नाही, ती पहिल्या वाचनातही आपल्याला थोडंच देऊन गेलेली असते.

६

आता या पुस्तकामागचं माझं मुख्य म्हणणं. वाचकाला ज्ञान देणं म्हणजे त्याच्यावर जबाबदारी टाकणं.

बाबूराव बागुलांच्या १९६३ सालच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या संग्रहातली त्याच नावाची कथा आठवावी. रेल्वेत नोकरी लागलेला एक तरुण परमुलखात येतो. आसपासची माणसं त्याच्याशी प्रेमाने, आदराने वागतात, कारण त्याची जात त्यांना ठाऊक नाही. वाचकाला मात्र ती गोष्ट शीर्षकातच सांगून टाकलेली आहे. त्यामुळे त्या माणसांचा प्रत्येक गोड शब्द आपल्याला भीती घालतो. कुणी त्याला जवळ घेतलं की आपण आणखी धास्तावतो. जात कळते आणि तीच माणसं त्याला मारतात, तेव्हा आपल्याला आश्चर्य वाटत नाही. आपल्याला आश्चर्य वाटत नाही, हाच या कथेने आपल्यावर ठेवलेला आरोप आहे. या समाजात असंच होणार हे आपण पहिल्या ओळीपासून धरून चाललो होतो. बागुलांनी हे गुपित शेवटपर्यंत झाकलं असतं तर कथा चांगली वठली असती, वाचक हळहळला असता आणि सुटला असता. त्यांनी त्याला सुटू दिलं नाही.

म्हणून निवेदन हा निव्वळ तंत्राचा प्रश्न आहे, असं मी मानत नाही. कुणाच्या डोळ्यांनी पाहायचं, कुणाला बोलू द्यायचं, कुणाला अंधारात ठेवायचं, हे ठरवताना लेखक माणसामाणसांमधल्या न्यायाबद्दल काही ठरवत असतो. यमूला 'मी' मिळाला, दगडूला 'मी' मिळाला, तेव्हा मराठी वाचकाला ठाऊक असलेल्या जगाची सीमा बदलली.

याच कारणाने काही दोष मला नुसते कारागिरीतले वाटत नाहीत. सगळं ठाऊक असलेल्या 'मी'ने शेवटच्या पानावरच्या धक्क्यासाठी वाचकापासून एखादी गोष्ट दडवणं, आणि दडवण्याला त्या माणसाच्या स्वभावात काहीच कारण नसणं, हा विश्वासघात आहे. एका स्त्रीच्या मनातून चाललेल्या कथेत मध्येच सासूच्या मनातलं वाक्य घुसवणं म्हणजे आपण कुणाबरोबर आहोत हे लेखकानेच विसरणं आहे. आणि एखादं गुपित प्रेक्षकाला सांगून ते नायिकेपासून शेकडो भाग लपवत नेणं, त्या ज्ञानाची कुणालाच किंमत मोजायला न लावणं, ही प्रेक्षकाच्या जिव्हाळ्याची उधळपट्टी आहे. कालिदासाने शाप सांगितला तो एका अंकानंतर राजसभेत वसूल केला.

७

पुस्तकाचे पाच भाग आहेत. पहिल्यात महाभारताच्या कथनाची चौकट आणि आपल्या कीर्तन-आख्यानांची परंपरा यांचा विचार आहे. दुसरा नाटकाचा आहे, आणि वर मांडलेल्या नियमाची परीक्षा तिथे इतर नाटकांवर घेतली आहे. तिसऱ्यात कादंबरीतला 'मी' आणि चौथ्यात अनेक निवेदकांच्या कादंबऱ्या येतात. पाचवा भाग लिहिणाऱ्यांसाठी आहे. त्यात सराव दिले आहेत, कारण एकच प्रसंग तीन वेगळ्या माणसांच्या तोंडून लिहून पाहिल्याशिवाय या विषयातलं काहीही अंगी लागत नाही. परिभाषा शक्य तेवढी कमी ठेवली आहे. वेन बूथ किंवा जेरार झनेत यांच्यासारख्या अभ्यासकांनी या विषयात केलेलं काम मोठं आहे, आणि ज्यांना पुढे जायचं आहे त्यांनी ते अवश्य वाचावं. माझा रोख मात्र मराठी वाचकाच्या हाताशी असलेल्या पुस्तकांवर आणि नाटकांवर राहिला आहे, कारण शिकण्यासारखं बरंचसं तिथेच आहे.

लिहिणाऱ्यांना एक विनंती. कथेचं पहिलं वाक्य लिहिण्याआधी एका कागदावर उतरवा की ही कथा कोण, कुणाला, केव्हा सांगतो आहे आणि सांगायला बसला तेव्हा त्याला काय ठाऊक आहे. या चार प्रश्नांची उत्तरं मिळाली की पुढच्या पुष्कळ अडचणी सुटतात. उत्तरं मिळत नसतील तर कथा अजून तयार झालेली नाही, असं खुशाल समजा.

वाचकांना विनंती त्याहून साधी आहे. तुमच्या आवडीची, शेवट पाठ असलेली एखादी कादंबरी पुन्हा काढा आणि या वेळी प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी थांबून विचारा की या घडीला मला जे ठाऊक आहे ते या माणसांपैकी कुणाला ठाऊक नाही, आणि लेखकाने ते मलाच का सांगितलं. एका पुस्तकापुरतं तरी हे करून पाहा, आणि मगच माझी पुढची पानं वाचायला घ्या.